हिरव्या राज्यातला लाल कुसुंब

एका जंगलात, जिथे झाडं फार होती म्हणून झाडांकडे कोणी बघत नसे, मथुराक्का नावाची एक साळू राहत होती.

साळू म्हणजे साळिंदर, मुलांनो. जिच्या अंगावर काटे असतात ती. साळू दिवसा झोपते आणि रात्री बाहेर पडते, असं तुमच्या पुस्तकात दिलेलं असेल. पुस्तकाचं बरोबर आहे. पण मथुराक्का चित्रं काढायची, आणि अंधारात सगळे रंग सारखेच दिसतात. म्हणून ती रात्री झोपायची आणि दिवसा बाहेर पडायची. तिच्या माहेरी हे अजून कोणाला पटलेलं नाही.

तिचे ब्रश तिच्याच गळलेल्या काट्यांचे होते. टोकाला खारीच्या शेपटीचे केस बांधलेले. रंगही ती घरीच करायची. गेरू दगडावर उगाळायची, हळकुंडं कुटायची, निळीच्या झुडपाचा पाला भिजत घालायची. कोळसा आणि चुना तर कुठेही मिळतो. हिरवा रंग करणं सगळ्यांत सोपं. कुठलाही पाला घ्यायचा आणि वाटायचा.

आणि नेमका तोच रंग तिला छळायचा.

एरवी तिची चित्रं छान होत. नदीकाठचे खडक, वाळलेलं गवत, भरून आलेलं आभाळ. पण चैत्र लागला, झाडांना नवी पालवी फुटली, की तिला घरात बसवायचं नाही. सगळी मडकी काट्यांना अडकवून ती टेकडीवर जायची. तिथून अख्खं जंगल दिसे. करंज हिरवा. जांभूळ हिरवं. बांबू हिरवा. डोहाच्या पाण्यात पडलेली सावली, तीसुद्धा हिरवी. मथुराक्का हिरव्याचं मडकं उघडायची आणि लावत सुटायची. करंजाला लाव, जांभळाला लाव, बांबूला लाव. उन्हं चढेपर्यंत चित्र पुरं व्हायचं. मग ती जरा मागे सरून बघायची आणि तिचा चेहरा पडायचा.

एकदा असं चित्र चाललं असताना तिची शेजारीण ठकूबाई तिथे आली. ठकूबाई ही वानरी. मथुराक्काच्या बिळासमोर कुसुंबाचं एक जुनं, मोठं झाड होतं. त्या कुसुंबावर ठकूबाई आपल्या सगळ्या गोतावळ्यासकट राहायची.

तिने चित्र बघितलं. मान वाकडी करून पुन्हा बघितलं.

"अळूचं फदफदं झालंय गं," ती म्हणाली. "वर शेंगदाणे तेवढे टाकायचे राहिलेत."

मथुराक्काला राग आला, पण ठकूबाईचा नाही. तिलाही तसंच दिसत होतं. डोळ्यांना एवढं सुंदर दिसणारं जंगल कागदावर आलं की त्याचं कालवण का होतं, हे तिला काही केल्या कळेना. तिने चित्र फाडलं. पुन्हा काढलं. पुन्हा फदफदं.

शेवटी एका सकाळी तिने हिरव्याचं मडकं उचललं आणि टेकडीवरून खाली फेकून दिलं. ते एका सशाच्या दारात फुटलं. सशाला वाटलं, वसंत आला.

आता तिच्याकडे हिरवा रंगच उरला नाही. पण समोर तर जंगल होतं. मग ती नुसतीच बघत बसली. उन्हाने डोळे किलकिले झाले, आणि किलकिल्या डोळ्यांना तिला वेगळंच काही दिसू लागलं. लांबचे डोंगर हिरवे नव्हतेच, निळसर राखाडी होते. करंजाखालची सावली जांभळट होती. बांबूचं बेट जवळजवळ पिवळं. पिंपळाची नवी पानं तांब्याच्या भांड्यासारखी. झाडांच्या मधून आभाळाचे तुकडे दिसत होते, त्यांच्याकडे तर तिने आजवर लक्षच दिलं नव्हतं. आणि ह्या सगळ्याच्या मधोमध ठकूबाईचा कुसुंब उभा होता. लालभडक.

कुसुंबाची नवी पालवी लाल असते, मुलांनो. फूल नाही, पानच लाल. लांबून वाटावं, झाडाला कोणी शालू नेसवलाय. मथुराक्का त्या झाडासमोर राहत होती आणि दर चैत्रात ते झाड असंच पेटत होतं. पण हिरव्याच्या घाईत तिने त्याला कधी चित्रात घेतलंच नव्हतं. ते झाड इतरांसारखं नाही म्हणून ती त्याला वगळूनच काढायची.

त्या दिवशी तिने जे हिरवं नाही ते आधी काढलं. खडक, खोडं, आभाळाचे तुकडे, जांभळट सावल्या. मग गेरूत थोडी हळद घालून कुसुंब काढला. सगळ्यांत शेवटी हळद आणि नीळ मिसळून, कुठे पिवळ्याकडे झुकणारा, कुठे निळ्याकडे, असा थोडाथोडा हिरवा लावला. फार लागलाच नाही. त्या एका लाल झाडामुळे बाकीचं हिरवं आपोआप जागेवर बसलं.

ठकूबाईने चित्र बघितलं, फांद्या मोजल्या. मग म्हणाली, "तिसऱ्या फांदीवर मी बसते, तिथे मी नाही दाखवलीस."

मथुराक्काने एक करडा ठिपका दिला. ठकूबाईचं समाधान झालं.

आता जरा राजाकडे जाऊ.

ह्या जंगलाचा राजा वाघ होता. चांगला होता. पण त्या सुमारास आजूबाजूच्या सगळ्या राजांनी आपापल्या राज्याला काही ना काही विशेषण लावून घेतलं होतं. कोणाचं शांत राज्य, कोणाचं स्वच्छ राज्य. आपल्या राज्याला काहीच नाही, हे महाराजांना लागलं. म्हणून त्यांनी दवंडी पिटवली, की आजपासून हे हिरवं राज्य. यात शहाणपण असं होतं, की जंगल आधीच हिरवं होतं. वेगळं काही करावं लागणार नव्हतं.

शेजारच्या जंगलाची राणी, एक वयस्कर वाघीण, चैत्र सरता सरता पाहुणी म्हणून येणार होती. दरबारात तिला दाखवायला हिरव्या राज्याचं एक मोठं चित्र हवं होतं. ते काम महाराजांनी कलामंत्र्यांवर सोपवलं.

कलामंत्री होते राघोपंत. राघोपंत म्हणजे पोपट. त्यांना चित्रकलेतलं काय कळतं, असं कोणी विचारलं नव्हतं, कारण ते हिरवे होते.

जंगलात चित्रं काढणारी मथुराक्का एकटीच. त्यामुळे राघोपंत तिच्या बिळाशी आले, आणि तिने आनंदाने तेच चित्र त्यांच्यासमोर ठेवलं.

राघोपंतांनी ते आधी एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्या.

"हिरवा कमी आहे," ते म्हणाले.

"लागतो तेवढा आहे, पंत."

"हिरव्या राज्याचं चित्र आहे हे. माझ्याकडे बघा. मी हिरवा आहे. माझ्यात कुठे कमी दिसतो का?"

"तुमची चोच लाल आहे," मथुराक्का म्हणाली. तिला खरं तर असं म्हणायचं होतं, की चोच लाल आहे म्हणून तर पिसं हिरवी उठून दिसतात. पण राघोपंतांनी चोच मिटली आणि चित्र उचलून थेट दरबारात नेलं. मागोमाग मथुराक्का धापा टाकत पोचली.

"महाराज," राघोपंत म्हणाले, "मधोमध लाल डाग आहे. पाहुण्या राणीसाहेबांना काय वाटेल? हिरव्या राज्यात आग लागलीय असं वाटेल."

महाराजांनी डागावर पंजा ठेवला. "हे काय आहे?"

"कुसुंब आहे, महाराज," मथुराक्का म्हणाली. "आमच्या बिळासमोरचा. सध्या तो असाच दिसतो."

"खरंच लाल आहे?"

"आपण येऊन बघावं."

महाराज भले होते, ते आले. टेकडीच्या पायथ्याशी उभे राहून त्यांनी वर बघितलं. जंगलाच्या राजाने झाडाकडे मान वर करून बघण्याची ती पहिलीच वेळ असावी, कारण त्यांची मान जरा कडकडली. कुसुंब उन्हात लाल पेटला होता. फांद्यांवरून ठकूबाईचा गोतावळा खाली टकमक बघत होता.

"लाल आहे," महाराज म्हणाले.

"आहे ना?" मथुराक्काला हायसं वाटलं.

"म्हणजे चित्र चुकलेलं नाही."

"नाही, महाराज."

"मग झाड चुकलेलं आहे."

राघोपंतांनी मान डोलावली. असा न्याय त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

शिक्षा तिथल्या तिथे ठरली. साळू झाडांची साल कुरतडतात, हे महाराजांना ठाऊक होतं. खोडाभोवती गोल साल कुरतडली की झाड उभ्या उभ्या वाळतं. मग गवे त्याला ढकलून देतील, ओढून नेतील. पाहुणी येईपर्यंत जागा मोकळी.

"झाड तू दाखवलंस," महाराज मथुराक्काला म्हणाले, "तेव्हा कामही तूच कर. पौर्णिमा झाली की सुरुवात. तोवर दात घासून ठेव."

मथुराक्काच्या अंगावरचे काटे आपोआप उभे राहिले. महाराजांना ते सलामीसारखं वाटलं. ते निघून गेले.

संध्याकाळी मथुराक्का कुसुंबाखाली गेली. सांगायला तर हवंच होतं. ठकूबाई खाली उतरली आणि तिने सगळं ऐकून घेतलं.

"माझी आजी ह्या झाडावर जन्मली," ठकूबाई शेवटी म्हणाली. "आई ह्याच्यावर. मी ह्याच्यावर. आणि तू ते राजाला नेऊन दाखवलंस."

"मी चित्र दाखवलं, ठकू."

"तेच ते."

"मला वाटलं, त्यांना आवडेल. मला एवढं कधी जमलं नव्हतं गं."

"तुला जमलं. आता आम्ही कुठे जायचं ते सांग. करंजावर? करंजाची पानं किती कडू असतात, तुला काय माहीत."

मथुराक्काने खोडाला पाठ लावली आणि काटे टोचतील म्हणून पुन्हा दूर झाली.

ठकूबाईचा राग अजून संपला नव्हता. "आणि घाई कसली होती तुला? ही लाली काय जन्मभराची असते? कोवळी पानं लाल असतात, जून झाली की हिरवीच होतात ना ती. चैत्र संपेतो हे झाड त्या करंजासारखं दिसायला लागतं. जरा थांबून काढलं असतंस चित्र, तर काय बिघडलं असतं?"

असं बोलून ती वर चढून गेली.

मथुराक्का मात्र तिथेच बसून राहिली. जरा वेळाने ती उठली आणि दरबाराच्या वाटेला लागली. मावळतीचं ऊन अजून होतं, आणि महाराज जेवण करून सुस्तावले होते. राजाला भेटायची ही सगळ्यांत चांगली वेळ.

"महाराज, एक विचार आला," ती म्हणाली. "झाड काढलं तर राज्यातलं एक झाड कमी होईल. पण तेच झाड सुधारलं, तर एक हिरवं झाड वाढेल."

महाराजांनी हिशेब मनात केला. तो त्यांना आवडला.

"झाडं सुधारतात?" राघोपंतांनी विचारलं.

"प्रजा सुधारते का, पंत?"

राघोपंतांनी महाराजांकडे बघितलं. "अर्थात. महाराजांच्या राज्यात प्रजा सुधारतेच."

"कुसुंब प्रजेतलाच आहे."

महाराजांनी विचारलं, "कसं सुधारणार?"

"मी त्याच्या खाली बसेन. रोज त्याचं चित्र काढेन. रोज चित्रात हिरवा थोडा थोडा वाढवत नेईन. बघून बघून झाड शिकेल."

"आणि नाही शिकलं तर?"

"तर मी साल कुरतडेन. आणि पुन्हा ब्रश हातात धरणार नाही."

महाराजांना दुसरी अट विशेष वाटली नाही, पण पहिली पुरेशी होती. त्यांनी परवानगी दिली. एवढंच नव्हे, तर या उपक्रमाला 'वृक्षसुधार' असं नावही दिलं. नाव मिळाल्याबरोबर राघोपंतांचा विरोध संपला. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रमुख तेच झाले.

मुलांनो, एखादी गोष्ट होणार हे माहीत असणं वेगळं आणि ती होताना समोर बसून बघणं वेगळं. कुसुंब दर वर्षी हिरवा होतो, हे मथुराक्काला ठाऊक होतं. पण होताना तिने कधी बघितलं नव्हतं. आता ती रोज सकाळी झाडाखाली बसायची, आणि झाड कालच्यासारखंच लाल असायचं. ती चित्र काढायची. चित्रही लालच यायचं. राघोपंत येऊन झाडासमोर भाषण करायचे. हिरव्याचे फायदे सांगायचे. स्वतःचं उदाहरण द्यायचे. झाड ऐकून घ्यायचं.

"काही फरक?" ते विचारायचे.

"आज ऐकलंय," मथुराक्का म्हणायची. "उद्या विचार करेल."

तिच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. ज्या लाल रंगासाठी तिने हिरव्याचं मडकं फेकलं होतं, ज्याच्यामुळे तिला पहिल्यांदा चित्र जमलं होतं, तो लवकर जावा म्हणून ती आता हात जोडून बसली होती. असं करताना तिला आपलीच लाज वाटायची. तरी ती रोज बसायची, कारण ठकूबाई वरून बघत असायची. त्या संध्याकाळपासून ठकूबाई तिच्याशी एक शब्द बोललेली नव्हती.

हळूहळू खालच्या फांद्यांवरची पानं तांबूस झाली. मग तांब्यावर पिवळं चढलं. मग एका सकाळी, दव वाळायच्या आत, मथुराक्काला एका डहाळीवर चक्क पोपटी रंग दिसला. तिने तो लगेच चित्रात घेतला.

राघोपंतांनी चित्र पाहिलं, झाड पाहिलं. "माझ्या भाषणाचा परिणाम," ते म्हणाले. "परवाचं भाषण विशेष झालं होतं."

"मलाही तसंच वाटतं, पंत," मथुराक्का म्हणाली.

पण वरच्या फांद्यांवर काहीच होईना. खालचं झाड हिरवं होत चाललं आणि शेंडा लालचा लालच. जुनी पानं हिरवी व्हायच्या आत तिथे नवी लाल पानं फुटत होती. मथुराक्काने दिवसभर मान वर करून बघितलं, तेव्हा तिला कारण कळलं. ठकूबाईचा गोतावळा कोवळी पालवी खात होता. खाल्लं की झाड पुन्हा फुटे, आणि फुटलेलं पुन्हा लाल.

ती खोडाशी गेली आणि वर तोंड करून म्हणाली, "ठकू, खायचं थांबवा."

वर पालवी चघळणं चालूच राहिलं.

"पालवी खायची थांबवा, नाहीतर शेंडा हिरवा होणार नाही. पाहुणी यायची वेळ झालीय. मी पाया पडते तुझ्या."

थोड्या वेळाने ठकूबाई अर्ध्या खोडापर्यंत उतरली. "मग खायचं काय?"

"करंज."

ठकूबाईने तिच्याकडे असं बघितलं, की मथुराक्काने मान खाली घातली. पण त्या दुपारपासून अख्खा गोतावळा करंजावर जाऊन कडू पानं चघळू लागला. पोरंटोरं तोंड वाकडं करायची. म्हातारी वानरं कुरकुरायची. ठकूबाई स्वतः सगळ्यांत कडू फांदी निवडून बसायची, म्हणजे कोणाला बोलायला जागा राहू नये. रात्री सगळे झोपायला कुसुंबावर परत यायचे आणि कोवळ्या पालवीच्या वासात उपाशी झोपायचे.

पाहुणी यायच्या आदल्या सकाळी कुसुंब हिरवा झाला होता. सगळा. फक्त शेंड्याला एक लाल डहाळी राहिली होती. लहानशीच, पण वर असल्यामुळे लांबूनही दिसत होती. महाराज स्वतः पाहणीला निघाल्याची बातमी आली. राघोपंत झाडाभोवती घिरट्या घालू लागले.

"ती एक कशी राहिली?" ते मथुराक्काच्या कानाशी येऊन म्हणाले. "तिला काहीतरी सांगा."

मथुराक्काने वर बघितलं. ठकूबाई शेंड्यावर बसली होती. दोघींची नजरानजर झाली. मग ठकूबाईने ती डहाळी तोडली, तोंडात टाकली आणि शांतपणे चावून खाल्ली.

"सुधारली," मथुराक्का म्हणाली.

महाराज आले, त्यांनी बघितलं, ते खूश झाले. ते गेल्यावर ठकूबाई खाली उतरली, मथुराक्काच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "किती दिवसांनी तोंडाला चव आली." त्या दोघींच्यात पुढे ह्या विषयावर कधी बोलणं झालं नाही.

दरबारात लावायचं मोठं चित्रही तोवर तयार होतं. त्यात झाडं हिरवी होती, डोंगर हिरवे होते, खडक हिरवे होते. आभाळाबद्दल मथुराक्काने वाद घातला होता, पण राघोपंतांच्या मते आभाळ हे शेवटी राज्याच्याच वर होतं. तेही हिरवं झालं. मथुराक्काने ते मडक्यातला वाटलेला पाला थेट लावून, चित्राकडे न बघता पुरं केलं.

पाहुणी राणी त्या चित्रासमोर उभी राहिली. म्हातारी झाली तरी तिची नजर चांगली होती.

"सुरेख," ती म्हणाली. "ह्याची वरची बाजू कुठली?"

विषय बदलायचा म्हणून राघोपंतांनी घाईघाईने मथुराक्काचं पहिलं चित्र बाहेर काढलं आणि 'वृक्षसुधार' कसा झाला ते सांगू लागले. हे झाड पूर्वी असं बिघडलेलं होतं. मग भाषणं झाली. मग असं हिरवं झालं.

राणी ऐकत नव्हती. ती चित्र बघत होती. खडक, जांभळट सावल्या, आभाळाचे तुकडे आणि मधला लाल कुसुंब. तिसऱ्या फांदीवरचा करडा ठिपकाही तिला दिसला.

"हे मला द्याल?" तिने विचारलं.

"हे तर चुकीचं चित्र आहे," महाराज म्हणाले.

"असू दे. मी ते बिघडलेल्या झाडाचं म्हणूनच लावीन."

पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं. चित्र गेलं. मथुराक्काला कोणी विचारलं नाही. राणीच्या गुहेत ते अजून आहे, आणि खाली लिहिलंय, 'सुधारणेपूर्वीची स्थिती'. तिथली प्रजा चैत्रात रांग लावून ते बघायला येते आणि शेजारच्या राज्यात पूर्वी किती वाईट दिवस होते याची हळहळ करते. बघून हलत मात्र लवकर कोणी नाही, असं म्हणतात.

मथुराक्काला दरबारात मानाचं पीस मिळालं. राघोपंतांचंच होतं. ती घरी आली, दारात बसली आणि समोरच्या हिरव्यागार कुसुंबाकडे बघत राहिली. तिच्याजवळचं एकच चांगलं चित्र परक्या राज्यात गेलं होतं, आणि ते ज्याचं काढलं होतं तेही समोर नव्हतं. ठकूबाईने तिला एक फळ दिलं. तिने ते खाल्लं नाही.

वर्ष गेलं. पुन्हा चैत्र आला.

राघोपंत धावतपळत, म्हणजे उडतपडत दरबारात आले. "महाराज, तो कुसुंब पुन्हा लाल झाला."

महाराजांनी मथुराक्काला बोलावणं धाडलं. "हे काय? सुधारलं होतं ना?"

"सुधारलं होतं, महाराज. पण सवय जुनी आहे. मुळापासून आहे."

"मग आता?"

"पुन्हा बसावं लागेल. पण ह्या वेळी घाई नको. आधी लाली पूर्ण बाहेर येऊ द्यावी. ती नीट बघावी, तिची सगळ्या बाजूंनी चित्रं काढावीत. रोग समजल्याशिवाय उपाय कसा करणार?"

"असं किती वर्षं चालेल?"

मथुराक्काने जरा विचार केल्यासारखं केलं. "माझ्या हयातीत पुरं होईल असं वाटत नाही."

महाराजांना तिची तळमळ भिडली. त्यांनी तिला राज्याची कायमची वृक्षसुधारक नेमलं. कुसुंबाला कोणी हात लावू नये म्हणून खाली एक गवा पहाऱ्याला बसवला. गेरू आणि हळद सरकारी खर्चाने येऊ लागली. वानरांनाही अधिकृत परवानगी मिळाली, की जी लाली फार हट्टी वाटेल ती त्यांनी खाऊन टाकावी. ठकूबाईच्या गोतावळ्याने राज्याची अशी सेवा आधी कधी केली नव्हती.

राघोपंत अजून भाषणं करतात. भाषण चालू असलं, की मथुराक्का डोळे किलकिले करून बसते. पंतांना वाटतं, ती मन लावून ऐकतेय.

तात्पर्य, हवं असेल तर:

जे आपोआप होणारच आहे, ते घडवून आणायची जबाबदारी वेळेवर मागून घ्यावी. जग त्याला कर्तृत्व म्हणतं, आणि मधल्या काळात आपल्याला आपलं काम करता येतं. बाकी हिरव्या रंगाचं म्हणाल, तर चित्रात तो थोडा वापरावा आणि बोलण्यात भरपूर.